पासवर्ड मॅनेजर घरच्या सर्व्हरवर चालवणे सुरक्षित आहे का?

घरातील पाच जणांचे पासवर्ड एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवण्याऐवजी घरच्याच रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर ठेवले तर ते सुरक्षित राहतील का, असे आपण विचारले आहे. मी आमच्या घरी काही वर्षांपासून व्हॉल्टवॉर्डन चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो की, पासवर्ड चोरीला जाण्यापेक्षा ते आपल्याच हातून हरवण्याची काळजी अधिक करावी लागते.

व्हॉल्टवॉर्डन हा रस्ट भाषेत लिहिलेला मुक्त स्रोत सर्व्हर असून बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरची नेहमीची मोबाइल ॲप्स आणि ब्राउझर एक्स्टेन्शन्स त्याच्याशी जोडता येतात. मास्टर पासवर्डपासून (बाकी सगळे पासवर्ड उघडणाऱ्या एका मुख्य पासवर्डपासून) तयार होणाऱ्या किल्लीने सगळे पासवर्ड फोनवर किंवा संगणकावरच कुलूपबंद होतात आणि सर्व्हरकडे केवळ तो कूटबद्ध मजकूर पोहोचतो. त्यामुळे सर्व्हर कोणाच्या हाती लागला तरी खरी कसोटी मास्टर पासवर्डचीच असते. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हाही कमकुवत मास्टर पासवर्ड ठेवणाऱ्यांनाच धोका सर्वाधिक होता.

तरीही सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटवरील पत्ता, मिळतच नाही, म्हणून राउटरवर पोर्ट उघडण्याचा खटाटोप बहुधा वायाच जातो. मी टेलस्केल वापरतो; ते आपलीच उपकरणे इंटरनेटवरून एका खासगी जाळ्यात जोडते. घरच्यांच्या फोनवर ते एकदा बसवले की बाहेरूनही काम होते. एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध वेब जोडणी, मात्र टाळता येत नाही, कारण साध्या एचटीटीपीवर ब्राउझर कूटलेखनाची सोयच उपलब्ध करून देत नाही आणि वेब व्हॉल्ट (ब्राउझरमध्ये उघडणारी पासवर्डची तिजोरी) चालत नाही. घरच्यांची खाती उघडून झाली की नवीन नोंदणी बंद करण्यास विसरू नये.

आता हरवण्याविषयी. एका पावसाळ्यात वारंवार वीज जाऊन आमच्या रास्पबेरी पायचे एसडी कार्ड बिघडले. सर्व्हर बंद असला तरी फोनमधील प्रत उघडता येते, नवीन नोंद तेवढी करता येत नाही. त्यामुळे आईला दोन दिवस काही कळलेही नाही. धाकट्या भावाने मात्र ‘सिंक होत नाही’ म्हणून ॲपमधून लॉग आउट केले आणि त्याच्या फोनमधील प्रत त्या क्षणी पुसली गेली. लॉक करणे आणि लॉग आउट करणे यांतील हा फरक घरातल्या प्रत्येकाला आधीच समजावून सांगायला हवा होता, आणि ती चूक माझी होती.

बॅकअप होता, परंतु व्हॉल्टवॉर्डन ज्यात सगळ्या नोंदी ठेवतो त्या चालू असलेल्या एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल मी नुसती कॉपी करत असे आणि नेमकी शेवटची प्रत अर्धवट निघाली. आठवडाभर जुन्या प्रतीवर भागवावे लागले. आता रोज रात्री एसक्यूलाइटच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने प्रत निघते, तिच्यासोबत जोडफायलींचा फोल्डर आणि सर्व्हरच्या किल्ल्यांच्या फायलीही जातात, आणि हे सारे कूटबद्ध होऊन घराबाहेरील एका डिस्कवर पोहोचते. दर तीन महिन्यांनी ती प्रत जुन्या लॅपटॉपवर उतरवून मी स्वतः लॉग इन करून पाहतो. कार्डाच्या जागी एसएसडी आणि शेजारी लहान यूपीएस आले, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या घरी आपल्याशिवाय हा सर्व्हर सुरू करू शकेल असे कोणी नसेल, तर मी बिटवॉर्डनची कौटुंबिक योजना घेण्याचाच सल्ला देईन. आमच्याकडे ती जबाबदारी आता भावाने उचलली आहे. माझा मास्टर पासवर्ड, त्या घराबाहेरील डिस्कची किल्ली आणि सर्व्हर नव्याने उभा करण्याच्या पायऱ्या मी हाताने मराठीत लिहून एका पाकिटात घातल्या आहेत. ते पाकीट आईच्या कपाटात, बँकेच्या पासबुकांखाली असते.