गोठ्याचं घर करायचंय? आधी जमिनीचा एक-चौदा उतारा बघा, मग एफडी मोडा

ताई, तुम्ही लिहिलंय की गोव्यात साखळीजवळ सासरच्या मूळ घराच्या मागे चिऱ्यांचा जुना गोठा आहे, गुरं गेल्यापासून रिकामाच पडलाय, म्हापशातल्या भाड्याच्या फ्लॅटला महिना १६ हजार जातात त्यापेक्षा गोठाच नीट करून दोन मुलं आणि सासूबाई-सासऱ्यांसकट तिथे राहायला जावं. कॉन्ट्रॅक्टरने ३२ लाख सांगितलेत, त्यासाठी १४ लाखांची एफडी मोडायची, १० लाख पर्सनल लोन काढायचं, ८ लाखांचं सोनं विकायचं, आणि चतुर्थी झाली की काम सुरू. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९५ हजार. विचारलंय, हे जमेल का?

घर करायचा विचार चांगला आहे, मला मनापासून आवडला. पण ज्या क्रमाने पैसे घालायचं ठरवलंय तो क्रम धोक्याचा आहे, तो बदलल्याशिवाय एक रुपया घालू नका असं मी ठामपणे सांगेन.

कारण तुमच्याच पत्रात आहे. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. तुम्ही म्हणता तीन भावांचं आहे, दोन्ही चुलत सासरे 'घाला पैसे, तुमचंच आहे' म्हणतात. पण पुढे सहज लिहून गेलात की मिस्टरांची बेळगावची आत्या दर गणपतीला येते. ताई, गोव्याच्या कायद्यात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो, लग्न होऊन कुठेही गेली तरी. म्हणजे वाटे तीन नाहीत, चार आहेत. शिवाय इथे लग्नानंतर बहुतेकांची मालमत्ता नवरा-बायकोच्या सामाईक मालकीची होते त्यामुळे दोन्ही काकी आणि आत्याचे यजमान यांच्याही सह्या लागतील. आणि सासरे हयात आहेत म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या नावावर त्या जमिनीतलं आज काहीच नाही. सासऱ्यांनी आपला वाटा मुलाला द्यायचा म्हटलं तरी निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, त्यात तुमची नणंदही आली, तिची संमती आत्ताच लेखी घ्या.

आता यातला पैशाचा भाग नीट समजून घ्या. उद्या कोणाचं पटलं नाही आणि प्रकरण कोर्टात इन्व्हेंटरीला, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या दाव्याला, गेलं तर तिथे मालमत्तेची किंमत लावतात आणि वारसदार आपापसात बोली लावू शकतात. तुम्ही ३२ लाख घालून उभं केलेलं घर त्या यादीत गेलं की त्याची वाढलेली किंमत तुम्हालाच बोलीत मोजायला लागेल, म्हणजे स्वतःच्या पैशाने केलेलं घर परत विकत घ्यायचं. काका आज खरंच प्रेमाने बोलतात, मला त्यात शंका नाही, पण त्यांच्यानंतर त्यांची मुलं मुंबईहून काय म्हणतील ते आज कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून पहिला खर्च कागदांचा. सगळे राजी आहेत तोवरच सब-रजिस्ट्रारकडे डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, करून घ्या, मग वाटणीपत्र, म्युटेशन (उताऱ्यावर नाव बदलणं), आणि गोठ्याखालचा तुकडा मिस्टरांच्या आणि तुमच्या नावावर. यासाठी एफडीतले १ लाख बाजूला ठेवा, आणि वकील स्वतःचा बघा, काकांनी सुचवलेला नको. त्याच वेळी टीसीपीकडून (नगर नियोजन खातं) झोनिंग काढा, म्हणजे जमीन कुठल्या वापरासाठी ठरलीय ते. जमीन सेटलमेंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या झोनमध्ये, असेल तर पुढे सनद (बिनशेतीची परवानगी), पंचायतीचं लायसन्स वगैरे मार्ग सरळ आहे. ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीत, निघाली तर फार्महाऊसलाच किमान ४००० चौरस मीटर लागतात, तिथे हा प्लॅन अडकेल. जमिनीत कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहण्याचा हक्क असलेला) लागलेला नाही ना तेही बघा, कुळाच्या शेतजमिनीवर १९९१ च्या कायद्याने दुसरा वापर करता येत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो की रिपेअर दाखवू, घर नंबर आहेच. घर नंबर घरपट्टीसाठी असतो हो, त्याने बांधकाम कायदेशीर होत नाही आणि त्यावर बँक लोनही देत नाही.

दुसरं, ३२ लाखांचा आकडा मला पटत नाही कारण तो कोणी गोठा तपासून काढलेला नाही. एक काम करा, स्वतः आत जा आणि जिथे गुरं बांधायचे त्या बाजूची भिंत जमिनीपासून कंबरेपर्यंत हाताने चोळून बघा. बोटाला पांढरा भुगा लागला तर लोणा आहे, वर्षानुवर्षं मूत-शेण मुरून चिऱ्यात क्षार बसलेत. त्यावर सिमेंटचं प्लास्टर मारलं की एक-दोन पावसाळ्यात फुगून गळतं. तिथली जमीन उकरून काढावी लागते, खालून ओल थांबवावी लागते, चुन्याचं प्लास्टर करावं लागतं, आणि हे एस्टिमेटमध्ये कुठेच नाही. तसंच छपराची कड बुटकी असते, राहायचं तर भिंती चढवायला लागतील, वाशांना वाळवी असेल तर लाकूड बदला नाहीतर लोखंडी ट्रस करून वर मंगळुरी कौलं घाला. संडास, सेप्टिक टँक, विजेचं नवं कनेक्शन... स्ट्रक्चरल इंजिनियरला काही हजार देऊन लेखी रिपोर्ट घ्या, मगच एस्टिमेट. तो भिंती पाडा म्हणाला तर नवीन बांधणं स्वस्त पडतं का ते आधी बघा, जुन्या भिंतींच्या मायेपोटी जास्त पैसे घालू नका.

आता हिशोब. पर्सनल लोन १० लाख, १२ टक्क्याने ५ वर्षं, हप्ता २२,२०० च्या वर, आणि काम चालू असेपर्यंत भाडं १६ हजार, म्हणजे ३८ हजार गेले आणि हाताशी एफडी नाही, सोनं नाही. कोणी आजारी पडलं तर काय करणार? त्याऐवजी कॉन्ट्रॅक्टरच्या प्लॅनमधला माळा आणि दुसरं बाथरूम पुढे ढकला, काम २८ लाखांत बसवा, वर २० टक्के जादा धरा, साधारण ३३.६ लाख होतात. जमीन नावावर आणि प्लॅन पास असेल तर २५ लाख होम लोन मिळण्यासारखं आहे, ८.५ टक्क्याने २० वर्षांचा हप्ता २१,७०० च्या आसपास. काम चालू असताना फक्त उचललेल्या रकमेवर व्याज, म्हणजे पहिल्या ५ लाखांवर महिना साडेतीन हजार. शेवटी शेवटी भाडं धरून ३४ हजारांपर्यंत जाईल पण ते काही महिनेच, नंतर भाडं सुटलं की जास्तीचा बोजा सहा हजारांच्या आत. एफडीतले ९ लाख घाला, ४ लाख आजारपणासाठी तसेच ठेवा, सोन्याला हात लावू नका. दोघांच्याही नावाने लोनइतका टर्म इन्शुरन्स घ्या. आणि टॅक्स वाचेल म्हणून लोन घेऊ नका, तुम्हा दोघांचंही वार्षिक उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, नवीन रिजीममध्ये तसाही टॅक्स लागत नाही.

यंदा चतुर्थीनंतर काम सुरू होणार नाही, हे मनाशी धरा. कागद व्हायला वर्ष लागलं तरी भाड्याचे जाणारे दोनेक लाख परवडतात, ३२ लाख अडकणं परवडत नाही. छप्पर काढायचं ते दिवाळीनंतरच, आणि मे संपायच्या आत कौलं चढलीच पाहिजेत, नाहीतर जूनच्या पावसात उघड्या भिंती भिजतील आणि आधी झालेलं काम वाया जाईल. कॉन्ट्रॅक्टरने टोकन मागितलं तर देऊ नका, दिलं असेल तर पावती मागून घ्या आणि त्यावर 'परवानगी मिळाल्यावर काम' हे लिहून घ्या.

आणि आत्याला या गणपतीत भेटा, काकांच्या आधी तिच्याशी बोला.