हार्ड बूटचा नंबर विसरा, आधी शेलमध्ये पाय घाला

मागच्या अंकात अल्पाइन स्नोबोर्डबद्दल लिहिलं, म्हणजे तो अरुंद बोर्ड, दोन्ही पाय बऱ्यापैकी पुढे वळवून लावलेले, आणि बर्फावर ब्लेडने ओढल्यासारख्या रेघा काढत जायचं, यालाच कार्व्हिंग म्हणतात. त्याला नेहमीच्या मऊ सॉफ्ट बूटऐवजी हार्ड बूट लागतात, म्हणजे बाहेर कडक प्लॅस्टिकचं कवच, ते शेल, आणि आत काढता येणारा मऊ बूट, तो लायनर. त्यावर आलेल्या पत्रांत निम्मी बुटांचीच होती. त्यातलं एक पूर्ण देते, कारण त्यात सगळ्यांचा घोळ एकदमच आलाय.

प्रश्न : ताई, मी म्युनिकला असतो. सॉफ्ट बूटवर तीन सीझन झाले, आता इथल्या ब्राउनेकच्या डोंगरावर कार्व्हिंगवाले बघून मलाही खाज सुटलीये. डीलक्स कंपनीचे जुने हार्ड बूट मिळतायत, 28.5 साइजचे. विकणारा म्हणतो, तुझा बुटाचा नंबर 43 ना, मग हेच बसणार. घालून बघितले, एकदम मस्त वाटले, कुठेच टोचत नाहीत. पण दुकानातल्या मुलीने पाय मोजला तर 26.9 सेंटीमीटर भरला आणि ती म्हणाली 27 च्या वर जाऊच नकोस. तिचे 27 चे घातले तर बोटं पुढे टेकली हो. कोणाचं ऐकू?

मुलीचं ऐका.

आता 28.5 आलं कुठून ते सांगते. युरोपातला बुटाचा नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटीमीटरची एक पायरी. 43 ला दोनाने गुणा, तिनाने भागा, 28.7 येतं. पण ही लांबी पायाची नाही हो, ज्या साच्यावर बूट शिवतात त्या साच्याची! त्यात बोटांपुढची मोकळी जागा आधीच धरलेली असते. हार्ड बूटवर जो आकडा असतो तो मोंडोपॉइंट, म्हणजे सरळ तुमच्या पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये. विकणाऱ्याने साच्याची लांबी पायाची म्हणून लावली आणि तुम्ही दीड सेंटीमीटरने फुगलात. तो मुद्दाम फसवत असेल असं नाही, मीसुद्धा पहिल्यांदा हेच केलं होतं.

माझे पहिले हार्ड बूट पायापेक्षा दोन सेंटीमीटर मोठे होते. दुकानात घातले तेव्हा गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं, बरोबर आलेल्या भावाला म्हटलंसुद्धा की अरे हे तर सॉफ्ट बूटपेक्षा भारी आहेत. चौथ्या दिवसापासून वळताना टाच आत उचलली जायला लागली, म्हणून बकल आवळले, तरी उचलतेय म्हणून आणखी आवळले, मग दोन मोजे घातले, आणि दुपारपर्यंत पायाचा वरचा भाग बधीर, बोटांना मुंग्या, नडगीवर काळंनिळं. आणि गंमत बघा, पाय इतका दुखत होता की मला वाटलं बूट लहान आहेत. पूर्ण एक सीझन मी हाच समज घेऊन काढला!

तर मुद्दा असा की नवीन लायनर जाड आणि गुबगुबीत असतो, मोठ्या शेलमधली रिकामी जागा तो झाकून टाकतो. दहा-पंधरा दिवस बोर्ड चालवला की फोम दबतो आणि पाय आत फिरायला लागतो. आपल्याकडे नवी कोल्हापुरी आठवडाभर चावते आणि मग पायाची होते, त्यामुळे आपल्या डोक्यात बसलंय की पादत्राण सैलावतं. इथे सैलावतो फक्त लायनर. बाहेरचं प्लॅस्टिक ज्या लांबीचं घेतलं त्या लांबीचंच राहणार. म्हणून साइज बघायची ती शेलची, आणि ती लायनर बाहेर काढूनच.

कसं बघायचं ते नीट सांगते. आधी घरी पाय मोजा, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहायचं, पुढे सगळ्यात लांब बोटाला एक पुस्तक उभं टेकवायचं आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंत मोजायचं. दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचा एक थोडा मोठा निघतो, तो धरायचा.

मग बूट. सगळे बकल उघडा, लायनरला मागून वरच्या बाजूला धरा, टाच थोडी फिरवून ओढा, निघतो. हे गरम खोलीत करा, थंडगार प्लॅस्टिक उघडता उघडत नाही आणि नखं तुटतात. आता रिकाम्या शेलमध्ये अनवाणी किंवा एकच पातळ मोजा घालून पाय घाला आणि पुढे सरकवा, बोटं समोर जेमतेम टेकली पाहिजेत, दाबायची नाहीत. गुडघा थोडा वाकवा आणि टाचेच्या मागे किती जागा उरली ते बघा. स्वतःला वाकून नीट दिसत नाही, वाकलं की पाय हलतोच, म्हणून कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च मारून बघायला सांगा. बोट घालून बघा म्हणतात सगळे, पण माझं बोट आणि तुमचं बोट यात फरक आहे. मी दोन साध्या पेन्सिली रबरबँडने शेजारीशेजारी बांधून ठेवल्यात, दोन्ही मिळून साधारण 14-15 मिलिमीटर होतात.

रोजच्या कार्व्हिंगला टाचेमागे 10 ते 15 मिलिमीटर म्हणजे उत्तम. म्हणजे माझ्या पेन्सिली घट्ट गेल्या पाहिजेत किंवा जेमतेम अडल्या पाहिजेत. शिकाऊ असाल, दिवसभर बूट काढायचे नसतील, तर 20 पर्यंत ठीक आहे. रेसवाले 10 च्याही खाली जातात, तो त्यांचा धंदा आहे, आपला नाही. आणि 25 च्या वर जागा असेल तर बूट कितीही स्वस्त मिळू दे, खाली ठेवा. तुमच्या त्या 28.5 मध्ये तेच होणार असा माझा अंदाज आहे, पेन्सिली घेऊन जा आणि बघून या.

लांबी झाली की आजूबाजूलाही बघा. घोट्याचं हाड दोन्हीकडे प्लॅस्टिकला घासतंय का, चवड्याची सगळ्यात रुंद जागा दाबली जातेय का. थोडं टेकत असेल तर घाबरू नका, त्याचं खाली सांगते.

बोटं पुढे टेकली म्हणून 27 लहान, हे मात्र चूक. लायनरसकट बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं टेकायलाच हवीत. आता टाच मागे आपटून बसवा, बकल लावा, गुडघे वाकवून नडगीचा भार पुढच्या जिभेवर टाका. बोटं थोडी मागे आली की झालं काम. वाकल्यावरही बोटं आत मुडपलेलीच राहत असतील तर लहान. शिवाय लायनर गरम करून पायावर बसवायचा प्रकार असेल तर त्यात अजून थोडी जागा होते, फक्त तो शेल ठरल्यावरच तापवून घ्या. घरी पाऊण तास घालून टीव्ही बघा, चहा करा, दाब चालेल, बधीरपणा नको.

आणि अर्ध्या साइजच्या मागे लागू नका. बहुतेक कंपन्या शेल फक्त पूर्ण आकड्याचं करतात, 27 आणि 27.5 ला बाहेरचं प्लॅस्टिक तेच, फरक आतल्या लायनरचा किंवा तळव्याच्या पट्टीचा. खात्री करायची तर टाचेजवळ बाजूला सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, दोन्ही साइजला तोच आकडा असेल तर शेल एकच. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून या आकड्याचा फोटो मागवाच. तो आकडा बोर्डसाठीही लागतो, कारण कार्व्हिंगचा बोर्ड मध्ये 18-20 सेंटीमीटरच रुंद असतो, सोल लांब असला की बुटाचं टोक आणि टाच कडेबाहेर येते, बोर्ड आडवा झाला की बर्फात रुतते आणि तुम्ही थेट खाली. मग ते टाळायला पाय आणखी पुढे वळवावे लागतात. मोठ्या शेलचा हा एक जादा भुर्दंड.

प्रश्न : माझा पंजा रुंद आहे, लहानपण सगळं चपलेत गेलं. एक साइज मोठे घेऊ का?

नका घेऊ. मोठं शेल रुंद होतं तसं लांबही होतं, घोट्याची जागा सरकते, आणि रुंदीचा प्रश्न सुटून टाचेचा सुरू होतो. लांबीने बरोबर असलेलं शेल घ्या आणि बूट बसवून देणाऱ्याकडून जिथे दाबतं तिथे प्लॅस्टिक गरम करून बाहेर फुगवून घ्या. काही मिलिमीटर आरामात मिळतात. लांबी वाढवणंही जमतं थोडंफार, पण मोठं शेल लहान मात्र कोणालाच करता येत नाही.

प्रश्न : स्कीचे बूट घरात आहेत, तेच प्लेट बाइंडिंगमध्ये, म्हणजे हार्ड बूट बोर्डला अडकवायच्या पकडीत, चालतील का?

अडकतात, एक-दोन दिवस गंमत म्हणून चालेल. पण त्यांचा सोल टाचेला आणि टोकाला जास्त बाहेर येतो, आणि घोटा आडवा फारसा हलत नाही, तो बोर्डवर थोडा हलायला लागतो. आणि हो, 2018 च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये चेक खेळाडू एस्टर लेडेत्स्काने स्कीची सुपर-जी आणि स्नोबोर्डची पॅरलल जायंट स्लॅलम, या दोन्ही शर्यती जिंकल्या, तेव्हा सुपर-जीला पायातले स्की अमेरिकेच्या मिकेला शिफरिनचे जुने होते. स्की दुसऱ्याचे चालतात, बुटांच्या बाबतीत एवढं उदार होऊ नका.

प्रश्न : काका पूर्वी स्वित्झर्लंडला होते, त्यांचे राइश्ले कंपनीचे हार्ड बूट मुंबईला माळ्यावर वीसेक वर्षं पडलेत. गुलमर्गला जाताना नेऊ का? साइज बरोबर आहे.

साइज बरोबर असली तरी नको. ही शेल बरेचदा पॉलियुरेथेनची असतात, आणि दमट हवेत ते प्लॅस्टिक आतून सडत जातं, वरून चकचकीत दिसतं आणि थंडीत भार आला की बिस्किटासारखं फुटतं. मुंबईचे वीस पावसाळे म्हणजे विचारायलाच नको. शिवाय गुलमर्गची ख्याती भुसभुशीत ताज्या बर्फाची, कार्व्हिंगला लागतो मशीनने दाबून सपाट केलेला उतार, तिथे सॉफ्ट बूटच भाड्याने घ्या. बकल आणि त्यांचे स्क्रू काढून मला पाठवलेत तर मात्र उपकार होतील, माझं एक बकल गेल्या मार्चपासून तारेने बांधलेलं आहे.