‘माझ्याकडे उत्तर नाही, मग मी कसला पाळक?’

हा प्रश्न मी ख्रिस्ती मंडळ्या सांभाळणाऱ्या इतक्या पाळकांच्या तोंडून ऐकलाय, की आता कोणी खुर्चीत नीट टेकून न बसता काठावरच बसलं तरी ओळखते. मी समुपदेशक आहे; यवतमाळला माझ्याकडे खेड्यापाड्यांतून माणसं येतात. शब्द वेगळे, दुखणं एकच: मंडळीपुढे उभं राहणाऱ्याला सगळं ठाऊक असलंच पाहिजे. आमच्याकडे ही समजूत जरा जास्तच मुरलीय, असं मला वाटतं. १९५३पासून १९८३मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारी संस्था, याच गावात होती. पाळक म्हणजे शास्त्र कोळून प्यालेला माणूस, हे ऐकतच आमची पिढी वाढली.

त्यातल्या एकाची हकीकत, त्याच्या परवानगीनं आणि ओळख बदलून सांगते. वय पस्तिशीचं, मंडळी चाळीसेक घरांची, बहुतेक कापूस पिकवणारी. त्याला बायकोच घेऊन आली होती. “रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अंगणात फेऱ्या मारतात. शनिवार आला की जेवण सुटतं.”

दोन भेटी तो नुसता संदेशाच्या तयारीबद्दल बोलला. तिसऱ्या भेटीत विचारलं, “हे कधीपासून?”

“२०१७पासून. बोंडअळीच्या साली.”

मंडळीतल्या एका म्हाताऱ्याच्या, बापूंच्या, वावरात तो गेला होता. बापूंनी एक बोंड तोडून त्याच्या तळहातावर ठेवलं. अर्धवट उमललेलं, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून पाकळ्यांना चिकटलेला. “पास्टर, देवानं माह्याच वावरात काहून धाडली हे अळी?” यानं तिथंच धुऱ्यावर उभं राहून विश्वासाच्या परीक्षेवर पंधरा मिनिटं सांगितलं. बापूंनी बोंड परत घेतलं, खिशात टाकलं आणि मुकाट्यानं वेचायला लागले. तेव्हापासून ते उपासनेला येतात, पण पार मागं, भिंतीला टेकून बसतात.

बायबलमध्ये सगळं गमावून बसलेल्या ईयोबाला त्याचे मित्र भेटायला येतात, त्याची मी आठवण काढली. विचारलं, “ईयोबाचे मित्र शहाणे कधी होते?”

“कधीच नाही. देवानं त्यांना फटकारलं.”

“बोलायला लागण्याआधी काय केलं त्यांनी?”

तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. “सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ बसले. कोणी एक शब्द काढला नाही.” मग आवाज फुटला. “मी तर बसलोसुद्धा नाही, मॅडम. उभ्यानंच बोललो.”

तो रडला. मी पाणी पुढे केलं नाही, त्याला थांबवलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की उत्तर नसल्याचं दुःख त्याला नव्हतंच. बापूंच्या प्रश्नानं तो स्वतः घाबरला होता आणि ती भीती त्यानं प्रवचनाखाली झाकली होती. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेनं काम करते. मदत करणाऱ्याचा खरेपणा त्याच्या ज्ञानापेक्षा जास्त बरं करतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. त्या दिवशी माझ्या गप्प बसण्यानं जे साधलं, ते माझ्या कुठल्याही सल्ल्यानं साधलं नसतं.

पाळकांना मी बायबलमधल्या, पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय सावकाश वाचायला सांगते. अध्यक्ष, म्हणजे मंडळी सांभाळणारा, कसा असावा याची तिथं मोठी यादी आहे: नेमस्त, अतिथिप्रिय, भांडखोर नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, आपलं घर नीट चालवणारा. हुन्नर म्हणावा असा गुण जवळजवळ एकच, शिकवण्याची हातोटी. बाकी सगळं वागणं आहे. प्रत्येक ‘का’चं उत्तर देता यावं, असं पौलानं कुठंच लिहिलेलं नाही. मंडळीच्या वडिलांनाही, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनाही, माझं सांगणं आहे: नवा पाळक निवडताना त्याचा संदेश जरूर ऐका, पण मयतीच्या घरी तो कसा बसतो, अर्पणाचा हिशेब मागितला तर चिडतो का, चूक झाल्यावर बायकोपुढे ती कबूल करतो का, हेही बघा. आणि त्याला आठवड्याची एक सुट्टी द्या. बायबलमध्ये इस्राएल लोकांचा पुढारी असलेल्या मोशेलाही त्याचा सासरा इथ्रो यानं सांगितलं होतं, की असा एकटा राबशील तर झिजून जाशील.

पुढच्या भेटीत तो खुर्चीत नीट टेकून बसला. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर उभ्या ठेवलेल्या कपाशीचा, कापूस वेचायला बापूंच्या वावरात गेला होता. दुपारपर्यंत दोघं शेजारच्या ओळींत, न बोलता.

“मग म्हटलं, बापू, त्या दिवशी मी उगाच बोललो. मले नाई ठाऊक.”

“काय म्हणाले?”

“हाव म्हणे. चाला, भाकर खाऊन घ्या.”

बापू आता उपासनेत कुठं बसतात, ते मी विचारलं नाही. झोप लागते का, एवढंच विचारलं.

“लागते,” त्याच्याआधी बायकोच म्हणाली.