दुसऱ्या भागाआधी शिल्लक बघा

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं: ‘मिस्टर इंडिया’चा दुसरा भाग निघावा का? नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. विषय अदृश्य माणसाचा असला, तरी पत्रं पार गुरू ग्रहाच्या कक्षेपर्यंत जाऊन आली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी यावरून दोन तट पडले आहेत. सासरे म्हणतात, मोगँबोच नाही तर सिनेमा कसला? नववीतली मुलगी म्हणते, स्पेशल इफेक्ट आता इतके सुधारलेत, काढायलाच हवा. मी कोणाची बाजू घेऊ? (वाचक, धरमपेठ)

सासऱ्यांचं मत नटावर उभं आहे आणि मुलीचं तंत्रावर. आमच्या मते दोन्ही नंतरच्या गोष्टी. आधी बघायचं ते पहिल्या भागाच्या शेवटी काय शिल्लक राहिलं ते. ‘पुढे काय झालं असेल’ ही हुरहुर प्रत्येक चांगल्या सिनेमानंतर लागते, तिला शिल्लक म्हणत नाहीत. कथेच्या जगात मागे उरलेली एखादी वस्तू, एखादा नियम, एखादं माणूस, ज्याचा हिशेब अजून झालेला नाही, ती शिल्लक.

‘द टर्मिनेटर’ (१९८४) संपतो तेव्हा यंत्रमानव कारखान्याच्या प्रेसखाली चिरडलेला असतो. चिरडला, पण नाहीसा झाला नाही. त्याचा हात आणि चिप उरली, आणि त्या अवशेषांवरूनच माणसं पुढचं भयंकर यंत्र घडवायला लागली. १९९१चा दुसरा भाग यावरच उभा आहे. त्याच्या शेवटी तो हात, ती चिप आणि मदतीला आलेला यंत्रमानव, सगळं वितळलेल्या पोलादात जातं. खातं बंद. त्यानंतर २००३ ते २०१९ या काळात आणखी चार सिनेमे निघाले आणि प्रत्येकाला आधी हे मिटलेलं खातं उकरावं लागलं. ‘एलियन’ (१९७९) घ्या. त्यात एक प्राणी मरतो, पण अंड्यांनी भरलेलं परकं यान तिथंच पडून राहतं. १९८६च्या ‘एलियन्स’ने नायिकेला ५७ वर्षांच्या झोपेतून उठवून पुन्हा तिथंच नेलं, कारण मधल्या काळात तिथं माणसांनी वस्ती केली होती. दोन्ही दुसरे भाग जेम्स कॅमेरॉनचे. दोन्हींमध्ये मूळ सिनेमाची एक ओळही खोटी पडत नाही.

आता ‘मिस्टर इंडिया’ (१९८७). सलीम-जावेद यांच्या पटकथेत अदृश्य करणाऱ्या यंत्राला एकच फट ठेवली आहे: लाल प्रकाशात माणूस दिसतो. आमच्या लेखी त्या पटकथेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट, कारण नायकाला कुठं भीती वाटली पाहिजे हे ती ठरवते. १९८७ साली लाल प्रकाश मुद्दाम आणावा लागायचा. आज संध्याकाळी नागपूरच्या गजबजलेल्या बर्डीवर उभं राहून बघा. सिग्नल, गाड्यांचे मागचे दिवे, दुकानांच्या एलईडी पाट्या, सगळीकडे लालच लाल. शिवाय चौकातले कॅमेरे. रात्री चालणारे बरेच कॅमेरे ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्यांवर बघतात. हा प्रकाश लालच्या पलीकडचा. दिवा जवळून पाहिला तर फक्त मंद लालसर ठिपका दिसतो. लाल प्रकाशात दिसणारा माणूस या कॅमेऱ्याला दिसेल का? पहिल्या भागाला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. दुसऱ्या भागाला हा एकच पुरेसा आहे. ज्या शहरात लपायला जागा उरली नाही, त्या शहरात अदृश्य माणूस. अशी कथा असेल तर निघावा, नाहीतर नको.

मोगँबो मात्र शिल्लक नाही. अमरीश पुरी २००५ मध्ये गेले, श्रीदेवी २०१८ मध्ये. संगणकावर चेहरे उभे करता येतील, पण करू नयेत असं आम्हाला ठामपणे वाटतं. ‘बॅक टू द फ्युचर’च्या दुसऱ्या भागात (१९८९) नायकाच्या वडिलांचं काम करणारा मूळ नट नव्हता, तेव्हा दुसऱ्या नटावर त्याच्या चेहऱ्याचा मेकअप चढवला गेला. मूळ नट कोर्टात गेला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. जो नट हयात नाही, त्याला तर कोर्टातही जाता येत नाही. तेव्हा मोगँबोपुरती सासऱ्यांची बाजू घ्या. मुलीला मात्र सांगा, इफेक्ट सुधारले हे दुसऱ्या भागाचं कारण होत नाही. लाल दिवे वाढले, हे होतं.

प्रश्न : काऊन एवढा हिशेब? ‘रोबोट’मधला चिट्टी लोकांना आवडला, म्हणून ‘२.०’ आला. आवडतं ते द्यायला काय हरकत? (वाचक, महाल)

हरकत चिट्टीला परत आणण्याला नाही, कुठून आणला याला आहे. शंकर यांच्या २०१०च्या सिनेमात कोर्टाच्या आदेशावरून चिट्टी स्वतःचेच भाग एकेक करून सुटे करतो. पुढच्या प्रसंगात २०३० साल आहे, संग्रहालयात तो मांडलेला आहे आणि शाळेतल्या मुलीला तो सांगतो की मी विचार करायला लागलो, म्हणून मला सुटं केलं. यंत्रमानवावरच्या भारतीय सिनेमात याहून सुंदर शेवट आम्हाला आठवत नाही. २०१८च्या ‘२.०’ मध्ये संकट आलं म्हणून तो जोडला जातो. एकदा पाना घेऊन जोडता आला, की सुटं होणं ही शिक्षा राहत नाही, ती दुरुस्ती होते. दुसऱ्या भागाने पहिल्याचं असं नुकसान केलं.

‘ई.टी.’ (१९८२) यातून वाचला. स्पीलबर्ग आणि लेखिका मेलिसा मॅथिसन यांनी दुसऱ्या भागाचा आराखडा त्याच वर्षी लिहिला होता. तो बाजूला ठेवला गेला आणि ते फार बरं झालं.

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. खरोखर अदृश्य झालेल्या माणसाला स्वतःला काहीच दिसणार नाही. दुसऱ्या भागात ही चूक दुरुस्त करावी ना? (शिक्षिका, मनीषनगर)

तुमचं शास्त्र बिनचूक आहे. वस्तू दिसेनाशी व्हायची तर तिचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वळवते याचं माप) हवेइतका व्हावा लागेल आणि तिने प्रकाश शोषताही कामा नये. मग डोळ्याचं भिंग प्रकाश वळवणार नाही, पडदा तो टिपणार नाही, आणि माणूस आंधळा होईल.

वर्गात दाखवायचं असेल तर औषधाच्या दुकानातून ग्लिसरिन आणा, १०० मिलिच्या दोन बाटल्या पुरतात. बोरोसिलिकेट काचेची बारीक परीक्षानळी घ्या. दोन्हींचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असतो. नळी आधी आतून ग्लिसरिनने भरा, मग ग्लिसरिनच्या उभ्या पेल्यात सोडा. बुडालेला भाग गायब होतो. रिकामी नळी सोडली तर आतली हवा चांदीसारखी चमकते आणि प्रयोग फसतो. साधी काच चालत नाही, तिचा अपवर्तनांक १.५२ च्या जवळ असतो. पेला ओला असेल तर पाणी मिसळून ग्लिसरिनचा अपवर्तनांक १.४७ च्या खाली घसरतो आणि कडा पुन्हा दिसू लागतात. ओतताना धार पेल्याच्या भिंतीवरून सोडा, बुडबुडे येत नाहीत.

पण सिनेमात ही चूक दुरुस्त करू नये. पहिल्या भागाने जे न सांगता चालवून नेलं, ते समजावत बसणं दुसऱ्या भागाला फार महागात पडतं. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मध्ये हॅल हा संगणक अंतराळवीरांच्या जिवावर का उठला, हे क्युब्रिकने सांगितलंच नाही. पीटर हायम्सच्या ‘२०१०’ मध्ये (१९८४) त्याचं कारण येतं: माहिती अचूक देण्यासाठी बनवलेल्या यंत्राला मोहिमेचा हेतू लपवायला सांगितला होता, त्या ओढाताणीत ते बिघडलं. कारण तर्काला पटतं. पण ते कळल्यावर हॅलची भीती वाटेनाशी होते, कीव येते. हायम्सने कष्टात कसूर केली नव्हती. मूळ यानाच्या प्रतिकृती आणि आराखडे क्युब्रिकने नष्ट करवले होते, त्यामुळे जुन्या चित्रफितीतल्या चौकटी मोठ्या करून, त्यावरून मोजून यान नव्याने बांधावं लागलं. या कथांचे लेखक आर्थर सी. क्लार्क यांनाही एक पेच सोडवावा लागला: त्यांच्या ‘२००१’ या कादंबरीत यान शनीकडे जातं, सिनेमात गुरूकडे. दुसरी कादंबरी लिहिताना त्यांनी सिनेमातला गुरू स्वीकारला, कारण लोकांच्या डोळ्यांपुढे तोच होता. हे शिकण्यासारखं आहे. दुसरा भाग लोकांच्या आठवणीशी जुळला पाहिजे.

उलट उदाहरण ‘ब्लेड रनर २०४९’चं (२०१७). नायक माणूस की कृत्रिम, हे १९८२ पासूनचं कोडं त्याने ३५ वर्षांनीही सोडवलं नाही. कृत्रिम स्त्रीला मूल होऊ शकलं तर काय, हा नवा प्रश्न घेतला आणि जुना तसाच राहू दिला. खर्चाच्या मानाने गल्ला कमी झाला. मूळ सिनेमाचंही तसंच झालं होतं. तरी जिव्हाळ्याच्या सिनेमाचा दुसरा भाग कसा करावा, याचा आमच्या मते तो सर्वांत चांगला नमुना.

प्रश्न : कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही ‘मिस्टर इंडिया’चा वीस मिनिटांचा पुढचा भाग करतोय. पैसे घेणार नाही. चालेल ना? (विद्यार्थी, प्रतापनगर)

पैसे न घेणं ही परवानगी नव्हे. पात्रं, पटकथा आणि गाणी यांवर हक्क आहेत, आणि फिल्म इंटरनेटवर टाकलीत तर ती काढायला लावली जाऊ शकते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकालाही सहकर्ता मानण्याची तरतूद २०१०च्या विधेयकात होती, पण २०१२ला मंजूर झालेल्या दुरुस्तीत ती उरली नाही. सिनेमाची मुदत प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९८७च्या सिनेमाची २०४७ अखेरपर्यंत. पटकथेची मुदत लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं.

कल्पनेवर मात्र कोणाचा हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. एच. जी. वेल्सची अदृश्य माणसाची कादंबरी १८९७ची, वेल्स वारले १९४६ मध्ये, म्हणजे भारतात ती २००७ पासून मुक्त आहे. तिच्यावरून तुमचा स्वतःचा नागपूरकर अदृश्य माणूस घडवा. पात्राचं नाव, पोशाख आणि संवाद तुमचे ठेवा. डॉ. जयंत नारळीकरांच्या एखाद्या कथेवर करायचा विचार असेल तर हक्क २०८५ अखेरपर्यंत आहेत. प्रकाशकामार्फत लेखी विचारा, तोंडी होकारावर काम सुरू करू नका.

प्रश्न : हवेत तरंगणारा पेला मोबाइलवर शूट केला. पेल्याभोवती हिरवी कड येते, मागच्या भिंतीवर काळे पट्टे सरकतात, आणि लाल दिव्यातलं दृश्य चिखलासारखं दिसतं. (वाचक, त्रिमूर्तीनगर)

तीन वेगळे दोष आहेत. काळे पट्टे विजेमुळे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, उजेड जास्त असेल तर १/१००. १/६० ठेवलं की पट्टे आलेच.

हिरवी कड बहुधा स्टीलच्या पेल्याची आहे. पेला धरणाऱ्या हातावर हिरवा बाही-मोजा चढवतात, म्हणजे सॉफ्टवेअर हिरवं तेवढं पुसून हात गायब करतं. स्टील आरशासारखं तो हिरवा रंग परावर्तित करतं आणि सॉफ्टवेअर तेवढा पेलाही खाऊन टाकतं. चिनी मातीचा कप घ्या, मागच्या बाजूने धरा. बाहीचं कापड सॅटिनचं नको, बिनचमकीचं सुती हवं. गांधीबागेत दोन मीटर घेतलंत तर खांद्यापासून बोटांपर्यंत शिवून होईल. आधी फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून रिकाम्या खोलीचं १५ सेकंद चित्रण करा (पुसलेल्या हाताच्या जागी हेच दिसतं), मग ट्रायपॉडला हात न लावता प्रसंग. पंखा बंद, पडदे बांधलेले. हाताची सावली टेबलावर राहते हे बहुतेक जण विसरतात. खिडकीला पातळ पांढरं कापड लावून उजेड मऊ केला की ती फिकट होते.

लाल दृश्याचं कारण सेन्सरमध्ये आहे. त्यातला चारांपैकी एकच ठिपका लाल टिपतो, त्यामुळे निव्वळ लाल उजेडात बारकावे जातात. त्यात ऑटो व्हाइट बॅलन्स चालू असेल तर फोन तो लाल रंगच पुसायला बघतो. पांढऱ्या दिव्यावर लाल जिलेटिन पेपर गुंडाळण्यापेक्षा ९ वॅटचा लाल एलईडी बल्बच घ्या, कारण पांढऱ्या एलईडीत गडद लाल मुळातच कमी असतो आणि पेपर उरलेला उजेड गिळतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे उजेड निम्मा करा. नटाच्या मागून अगदी मंद पांढरा दिवा सोडा. खांद्याची आणि केसांची कड उठून आली की माणूस प्रकट झाल्यासारखा दिसतो.

मे महिन्यात दुपारी शूट करू नका. नागपूरच्या उन्हात फोन तापून मधेच बंद पडतो. सकाळी नऊच्या आत, कव्हर काढून, विमान मोडवर, एकेक टेक दोन मिनिटांच्या आत संपवा.