‘रग्बी लीग’चा संघ करावा का?

न्यूकॅसलहून (इंग्लंडातलं नव्हे, ऑस्ट्रेलियातलं) एका वाचकाचा प्रश्न आला आहे. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी ते गावातल्या ‘न्यूकॅसल नाईट्स’ या रग्बी लीग क्लबचा इतिहास लिहिताहेत, आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली आहे. वाक्य असं: ‘न्यूकॅसल नाईट्स हा एक प्रादेशिक व्यावसायिक रग्बी संघ संघ आहे.’ रीजनल म्हणजे प्रादेशिक, प्रोफेशनल म्हणजे व्यावसायिक, लीग म्हणजे संघ आणि क्लब म्हणजेही संघ. शब्दकोशाबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही, तरी वाक्य बोबडं झालं. दोनातला कुठला संघ काढू, असं ते विचारतात.

दोन्ही काढा. जमल्यास ‘प्रादेशिक’लाही निरोप द्या.

आधी संघाचं बघू. मराठीत या एका शब्दावर आपण फार ओझी लादली आहेत. मैदानात उतरलेले अकरा किंवा सात जण म्हणजे संघ. त्यांना पाठवणारी संस्था म्हणजे संघ. अशा संस्थांची शिखर संस्था म्हणजेही संघ. शिवाय मजूर संघ, दूध संघ, खरेदी-विक्री संघ आहेतच. आणि नुसतं ‘संघ’ म्हटलं तर गप्पा भलतीकडेच जातात. कबड्डीच्या बातमीत हे चालून जातं, कारण संदर्भ पाठीशी असतो. पण रग्बीचा इतिहास लिहायला बसलात, तर त्यात ‘युनियन’ येणार, ‘लीग’ येणार, ‘क्लब’ आणि ‘टीम’ही येणार. तुमच्या नियमाने चाललं तर १८९५ साली काय घडलं, ते असं लिहावं लागेल: ‘उत्तरेकडचे संघ रग्बी संघातून फुटले आणि त्यांनी उत्तर संघ काढला, पुढे त्याचाच रग्बी संघ झाला.’ यातून कोण कुणातून फुटलं हे कळलं, तर वाचकाला बक्षीस द्यायला हवं.

म्हणून ‘युनियन’ आणि ‘लीग’ जसेच्या तसे ठेवा. ती आता दोन वेगळ्या खेळांची नावं आहेत. रग्बी युनियनमध्ये एका बाजूला पंधरा जण खेळतात, रग्बी लीगमध्ये तेरा. ‘रग्बी लीग’ वाचून आपल्या डोळ्यांसमोर लगेच आयपीएल येते: कुठलीशी रग्बीची स्पर्धा असेल, लिलाव होत असेल. तसं नाही. इथे लीग हा खेळ आहे, स्पर्धा नव्हे. लिंगाचंही विचारलं आहे, तर स्पर्धा म्हणून लीग स्त्रीलिंगी रुळलीच आहे आणि रग्बीही आपण ‘ती’च म्हणतो, तेव्हा ‘रग्बी लीग खेळली जाते’ बिनधास्त लिहा.

गंमत पुढे आहे. मराठी कानाला ‘युनियन’ म्हटलं की गेटवरचं लाल निशाण आणि संप आठवतो. ‘युनियनवाले आले’ म्हणजे कामगार आले. रग्बीत नेमकं उलटं. तिथे युनियनवाले म्हणजे खेळासाठी छदामही न घेणारे, घ्यायची गरजच नसलेले बडे लोक. कामगारांचे क्लब त्यांच्यातून बाहेर पडले. आणि बाहेर पडून त्यांनी स्वतःला नाव काय घ्यावं? ‘नॉर्दर्न युनियन’! ‘लीग’ हे नाव इंग्लंडातल्या त्या संस्थेला १९२२ साली मिळालं. म्हणजे आज जिला लीग म्हणतात, ती पहिली सत्तावीस वर्षं तिथे युनियनच म्हणवून घेत होती. मराठी लेखात ही एक ओळ टाकाच, नाहीतर वाचक कामगारांना चुकीच्या बाजूला बसवतील.

आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं, तिकडे येतो. फूट कशावरून पडली? तुम्ही तुमच्या टिपणात लिहिलंय, ‘ब्रोकन टाइम पेमेंटच्या मुद्द्यावरून’, आणि कंसात ‘खंडित वेळेचे मानधन?’ असं प्रश्नचिन्हासकट. तुमचं प्रश्नचिन्ह बरोबर आहे, मानधन चूक. यॉर्कशर-लँकेशरचे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत कामाला. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं आणि सामनाही शनिवारीच. परगावी खेळायला जायचं तर सकाळची पाळी बुडायची आणि तेवढी मजुरी कापली जायची. उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं, की खेळण्याचे पैसे राहू द्या, ही बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. १८९३ साली युनियनच्या लंडनमधल्या सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे विसाहून अधिक क्लब जमले आणि त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. भरपाईची मर्यादा ठरली दिवसाला सहा शिलिंग.

याला मराठीत शब्द शोधायची गरजच नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर लटकलेला आहे. आमच्याकडे दुधाचा खाडा पडला की आई कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत फुली मारायची. कामाच्या मावशींचे खाडे वेगळे, त्यांना गोल. महिनाअखेर फुल्या आणि गोल मोजून हिशेब. गिरणीतही हाच शब्द: ‘या महिन्यात चार खाडे झाले’ म्हणजे चार दिवसांचा रोज गेला. तेव्हा ‘ब्रोकन टाइम पेमेंट’ला सरळ ‘खाड्याची भरपाई’ म्हणा. ‘मानधन’ म्हटलंत की खेळल्याबद्दल काहीतरी मिळालं असा भास होतो, आणि उत्तरेकडचे लोक तेच तर नाकारत होते. आम्हाला जास्तीचं नको, वजावट नको, हे त्यांचं भांडण. ‘खाडा’त ती वजावट आहे.

यावरून ‘व्यावसायिक’कडे. हा शब्द चूक नाही, फक्त फार इस्त्रीचा आहे. आज व्यावसायिक म्हटलं की बिल्डर किंवा सल्लागार आठवतो. जुनी जोडी होती हौशी आणि धंदेवाईक. नाटकवाले ती अजून वापरतात. ‘धंदेवाईक’ला जो किंचित तुच्छतेचा वास आहे, तोच एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बड्यांच्या तोंडी ‘प्रोफेशनल’ला होता. म्हणून १८९५ बद्दल लिहिताना मी ‘धंदेवाईक’ लिहीन आणि आजच्या नाईट्सबद्दल ‘व्यावसायिक’. मध्ये आणखी एक चमत्कारिक काळ येतो. नॉर्दर्न युनियनने १८९८ साली खेळाचे उघड पैसे द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला दुसरी खरीखुरी नोकरी हवीच. नोकरी नाही, तर खेळही नाही. पैसे घेणारा, पण पोट दुसरीकडे भरणारा हा गडी हौशीही नव्हे आणि पुरता धंदेवाईकही नव्हे. त्याला मराठीत धड शब्द नसावा. आणि रग्बी युनियनने पैशाला दार उघडलं ते ऑगस्ट १९९५ मध्ये, फुटीला बरोबर शंभर वर्षं होत असताना. त्यामुळे ‘व्यावसायिक’ या विशेषणाने आता दोन्ही खेळांत फरक पडत नाही.

‘प्रादेशिक’ मात्र नकोच. आपल्याकडे प्रादेशिक पक्ष असतात, प्रादेशिक भाषा असतात, आणि ज्याच्या रांगेत दिवस जातो ते प्रादेशिक परिवहन कार्यालय असतं. यातलं काहीही ऑस्ट्रेलियातल्या ‘रीजनल’मध्ये नाही. तिकडे त्याचा अर्थ साधा आहे: राजधानीचं शहर सोडून उरलेलं. न्यूकॅसल हे न्यू साउथ वेल्समधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, कोळशाच्या निर्यातीचं मोठं बंदर, सिडनीपासून रस्त्याने साधारण १६० किलोमीटर. मुंबईहून पुणं जितकं, जवळपास तितकंच. तरी ते ‘रीजनल’. सिडनीकर आणि बाहेरचे यांच्यात ‘सिटी विरुद्ध कंट्री’ असा सामना कितीतरी वर्षं व्हायचा; त्यात हे न्यूकॅसलवाले ‘कंट्री’त, म्हणजे खेड्यात जमा! पुणेकराला असं कुणी म्हणून बघावं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द होता: मुफसल. इंग्रजी अमदानीत इलाख्याचं मुख्य शहर सोडून उरलेला सगळा मुलूख तो मुफसल, मग त्यात पुणं येवो की धुळं. आज लेखात वापरलात तर निम्म्या वाचकांना तळटीप लागेल, हे कबूल. ‘सिडनीबाहेरचा क्लब’ लिहा, काम भागेल. पण एकदा तरी, एखाद्या उपशीर्षकात का होईना, ‘मुफसलातला क्लब’ लिहून बघा. तुमच्या क्लबच्या इतिहासाला तो शब्द अंगासरशी बसतो. १९०८ साली सिडनीत पहिली रग्बी लीग स्पर्धा झाली, तेव्हा नऊ क्लबांत न्यूकॅसलचा एक होता. १९०९ चा हंगाम खेळून तो बाहेर पडला आणि न्यूकॅसलने स्वतःची गावची स्पर्धा सुरू केली. पुन्हा वरच्या पंगतीत पान मांडलं गेलं ते १९८८ मध्ये, नाईट्सच्या रूपाने. मधली ७८ वर्षं गाव खेळत होतंच, फक्त सिडनीच्या यादीत नव्हतं.

‘क्लब’ तसाच ठेवा. मात्र तुमच्या लेखात तो दोन अर्थांनी येतो आणि तिथे मराठी वाचक घसरेल. २०१७ पासून नाईट्सची मालकी ज्या ‘वेस्ट्स’कडे आहे, तो ‘लीग्ज क्लब’: जेवणघर, बार, जुगाराची यंत्रं, आणि त्या कमाईतून खेळाला पैसा. हा क्लब म्हणजे आपला जिमखाना. पत्त्यांची खोलीही तिथेच आणि क्रिकेटची टीमही त्याच्याच नावाची. खेळणाऱ्याला ‘क्लब’ आणि त्याला पोसणाऱ्याला ‘जिमखाना’ म्हटलंत, तर ‘एका क्लबने दुसरा क्लब विकत घेतला’ असलं वाक्य टळेल.

आता १९९७ चा परिच्छेद. तुमच्या मसुद्यात तिथे ‘लीग’ तीन अर्थांनी आली आहे. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात पैशांच्या भांडणातून दोन समांतर स्पर्धा झाल्या: जुनी ऑस्ट्रेलियन रग्बी लीगची आणि नवी ‘सुपर लीग’. नाईट्स जुनीकडे राहिले, म्हणून सुपर लीगने न्यूकॅसलमध्येच ‘हंटर मरिनर्स’ नावाचा दुसरा क्लब उभा केला; तो एका हंगामात आटोपला. इथे खेळाला ‘रग्बी लीग’, जुनीला ‘जुनी स्पर्धा’ आणि नवीला ‘सुपर लीग’ म्हणा, गुंता सुटेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीएचपी कंपनीने जाहीर केलं, की गावातला पोलादाचा कारखाना, १९१५ पासूनचा, १९९९ मध्ये बंद होणार. आणि सप्टेंबरमध्ये सिडनीत, तिथल्याच मॅनली क्लबविरुद्धचा अंतिम सामना. हे तुम्ही छान लिहिलंय. फक्त ‘टॅकल’ला ‘अडवणूक’ का केलंत? अडवणूक तलाठी करतो. कबड्डीतली ‘पकड’ डोळ्यांसमोर असताना दुसरीकडे कशाला जायचं? रग्बी लीगमध्ये एका बाजूला लागोपाठ सहा पकडींची मुभा असते. दर पकडीनंतर गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो, मागचा उचलतो. सहावी पकड झाली की चेंडू समोरच्यांचा. कबड्डी बघितलेल्या वाचकाला हे एका दमात कळेल.

बघा, शेवटचा क्षण असा येतो: ‘१६-१६ अशी बरोबरी. घड्याळात जेमतेम काही सेकंद. पकड सुटली, मागे सारलेला चेंडू नाईट्सच्या अँड्र्यू जॉन्सने उचलला आणि सगळे रुंद बाजूकडे बघत असताना तो कडेच्या अरुंद पट्टीत घुसला. आत डॅरेन अल्बर्टकडे चेंडू, अल्बर्ट रेषेपार.’ वर किक बसून २२-१६. न्यूकॅसलचं पहिलं विजेतेपद. अल्बर्टने जे केलं ते ‘ट्राय’, आणि त्याला ट्रायच म्हणा. ‘प्रयत्न’ करू नका. (पूर्वी रेषेपार चेंडू टेकवण्याला गुणच नसायचे, फक्त गोलवर किक मारून बघायची संधी मिळायची, म्हणून ‘ट्राय’. आता ट्रायचे चार आणि किकचे दोन.)

‘वुडन स्पून’ला ‘लाकडी चमचा’ केलंत, ते चालेल, पण तळाला राहणं हा अर्थ एकदा सांगा. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं नाईट्स तळाला होते, आणि चमचा म्हटलं की आपल्या वाचकाला पुढाऱ्यामागे फिरणारा आठवतो.

राहता राहिलं ‘नाईट्स’. तुम्ही कुठे ‘नाइट्स’ लिहिलंय, कुठे ‘नाईट्स’. देवनागरीत सरदार आणि रात्र यांत फरक उरत नाही, हे दुखणं कोलकात्याच्या टीमपासून आपल्याला ठाऊक आहे. मी सरदाराला दीर्घ आणि रात्रीला ऱ्हस्व देतो. नियम घरगुती आहे, पण २००१ च्या परिच्छेदात तुम्हाला लागेलच. सिडनीच्या पॅरामॅटा क्लबला ३०-२४ हरवून न्यूकॅसलने दुसरं विजेतेपद घेतलं, तो रात्री खेळला गेलेला पहिलाच अंतिम सामना होता. ‘नाईट्सनी नाइट फायनल जिंकली’ हे वाक्य मुद्रितशोधकाच्या हाती न देता स्वतः तपासा.