जंगल गेलं तरी बिबट्या तगला, गिधाडं मात्र संपत आली. असं का?

तुम्ही विचारलंय की माणसाने सगळा परिसर बदलून टाकला तरी बिबट्या उसात टिकून आहे, गिधाडं मात्र दिसेनाशी झाली, हे कसं? मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. दोन्ही बदल डोळ्यांदेखत झालेत. माझ्या मते याचं मोठं कारण त्यांच्या खाण्यात आहे.

धरणांचं पाणी आलं तसा आमच्याकडे बाजरीच्या जागी ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. बिबट्याला लपायला जागा झाली, मादी पिल्लंही तिथेच घालते. पण लपून पोट भरत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले. एकट्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के! त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण शेळी रात्री आत बांधलेली असते आणि कुत्रं मोकळं फिरतं. उंदीर-घुशीपासून सांबरापर्यंत जे मिळेल त्यावर बिबट्या भागवतो. वाघाचं तसं नाही, त्याला मोठी शिकार लागते, म्हणून उसात बिबट्याच राहिला.

गिधाडाला मात्र मेलेलं जनावरच लागतं. पूर्वी गावाबाहेर ढोरफोडीवर बैल टाकला की थोड्या वेळात नुसता सांगाडा उरायचा. मग गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक आलं. ते टोचलेलं जनावर दगावलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे कारण २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. झाडं होती, मेलेली गुरंही होती, पण तेच अन्न विषारी झालं आणि दुसरं काही खाणं गिधाडाच्या हातात नव्हतं. वर्षाला एकच अंडं, त्यामुळे तूट भरून यायला पिढ्या जातील.

गिधाडांनी सोडलेली मेलेली जनावरं मग कुत्र्यांच्या वाट्याला आली. त्यात हॉटेलांचं उष्टं आणि ओढ्यात फेकलेल्या पोल्ट्रीच्या कोंबड्या. बिबट्या खातो ती कुत्री यावरच पोसलेली.

बिबट्या तगला म्हणून सगळं बरं आहे, असं मी म्हणणार नाही. आमच्या भागात लेकरं गेली आहेत, ते दुःख मोठं आहे. पण पिंजरा लावून एक बिबट्या नेला तरी अन्न तिथेच असतं, मग दुसरा येतो. पिंजऱ्यासाठी आम्ही रस्ता अडवतो. मेलेल्या कोंबड्या पुरायच्या कोणी, हेही ग्रामसभेत तितक्याच जोरात विचारायला हवं.

आणि तुमच्याकडे गुरं असतील तर डॉक्टरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅकऐवजी मेलॉक्सिकॅम हे औषध द्यायला सांगा. ते गिधाडांना बाधत नाही.