काउंटरपलीकडून : मुलाला सांगू की नको?

मागच्या अंकात फोनवरच्या फसवणुकीबद्दल पत्रं मागवली होती. 28 आली. बहुतेकांच्या शेवटी एकच ओळ, ‘कृपया नाव छापू नये.’ नावं छापलेली नाहीत, गावंही गाळली आहेत. पहिलं पत्र लांब आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांब. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : स.न.वि.वि. मी 68 वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक आहे. अकरा दिवसांपूर्वी फोन आला की माझ्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हे झाले आहेत. नंतर व्हिडिओ कॉलवर गणवेशातले अधिकारी आले. दोन दिवस कॅमेरा बंद करू दिला नाही, बाथरूमला जायचं तरी परवानगी घ्यायची. ‘चौकशी होईपर्यंत रक्कम सरकारी खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळेल’ असं सांगून दोन एफडी मोडायला लावल्या. 6,40,000 रुपये आरटीजीएस केले. तिसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन बंद. पत्नीला सगळं माहीत आहे. मुलगा पुण्यात आयटीत आहे, ‘असले फोन उचलू नका’ हे तोच मला सांगायचा. त्याला सांगू की नको? पैसे परत येतील का?

उत्तर : सर, पत्र मिळालं त्या दिवशीच आपलं बोलणं झालं आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तुमची तक्रारही नोंदवून झाली. फोनवर तुम्ही पैशांबद्दल एकदा विचारलंत आणि मुलाबद्दल तीनदा. तरी पैशांचं आधी सांगते, ती माझी बँकेतली जुनी सवय.

1930 वर तक्रार गेली की पैसे ज्या बँकेत पोचले तिला ती कळवली जाते आणि त्या खात्यात जे शिल्लक असेल ते अडकवता येतं. जे शिल्लक असेल ते. तुमची रक्कम पहिल्या खात्यात फार वेळ बसत नाही. तिचे तुकडे होतात, ते आणखी खात्यांत जातात, कुठे एटीएममधून निघतात, कुठे चेकने. तासाभरात कळवलं तर बरंच हाती लागू शकतं. अकराव्या दिवशी मी तुम्हाला मोठी आशा लावणार नाही. पण मधल्या एखाद्या खात्यात थोडीफार रक्कम अडकलेली निघते आणि ती कोर्टाच्या आदेशाने परत मिळू शकते, म्हणून पोलीस ठाण्यात एफआयआर कराच. आरटीजीएसच्या पावतीवरचा यूटीआर नंबर, एफडी मोडल्याचे कागद, त्या लोकांचे नंबर, त्यांनी पाठवलेलं खोटं वॉरंट, सगळं जपून ठेवा. संताप आला तरी एकही मेसेज पुसू नका.

कुणीतरी तुम्हाला रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक दाखवील. ग्राहकाची चूक नसेल आणि कामकाजाच्या तीन दिवसांत त्याने बँकेला कळवलं, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही, असं त्यात आहे. ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतः फॉर्म भरून सही केलीत, तेव्हा त्या कागदाच्या भरवशावर बसू नका.

तुम्हाला दोन दिवस कॅमेऱ्यापुढे बसवून ठेवलं, त्याला ते लोक ‘डिजिटल अटक’ म्हणतात. असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ते सांगितलं, फोन लावला की सायबर फसवणुकीची सूचनाही कितीतरी दिवस कानावर पडत होती. तुम्हीही ऐकलं असणार, म्हणूनच स्वतःला जास्त बोल लावताय. सर, आमच्या शाखेत एक खातेदार होते, भावकीशी बांधावरून वीस वर्षं कोर्टकचेरी करणारे. त्यांना असाच फोन आला, तर म्हणाले, ‘वॉरंटाची नक्कल माझ्या वकिलाकडे पाठवा, पत्ता घ्या लिहून.’ समोरच्याने फोन ठेवला. तुम्ही पोलीस ठाण्याची पायरी चढलात ती बहुधा पासपोर्टच्या वेळी. जन्मभर सरळ चालल्यामुळे, आपलं नाव एखाद्या गुन्ह्यात आहे या नुसत्या कल्पनेनेच तुमचे हातपाय गळाले. त्या लोकांना गिऱ्हाईक लागतं ते असंच.

मार्च 2024 मध्ये, माझ्या निवृत्तीला दोन महिने असताना, एक बाई एफडी मोडायला आल्या. कारण विचारलं तर ‘घराचं काम काढलंय.’ आता घराचं काम काढलेला माणूस न विचारता गवंड्याच्या नावाने खडे फोडतो, वाळूचा भाव सांगतो. या बाई गप्प. पर्सची चेन उघडी आणि आत मोबाइलचा पडदा उजळलेला. मी विथड्रॉल स्लिपच्या पाठीवर लिहिलं, ‘फोनवर कुणी ऐकतंय का? बोलू नका, नुसती मान हलवा.’ त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांना धार लागली. फोन मीच काढून बंद केला. पुढे पाऊण तास त्या एकच म्हणत होत्या, ‘मॅडम, आता ते न्यायला येतील हो.’ समोरचा चहा गार झाला. काचेच्या अलीकडे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसूनसुद्धा त्यांना त्या पडद्यावरचा माणूस माझ्यापेक्षा खरा वाटत होता. तुमच्याही शाखेत कुणीतरी तुम्हाला एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता. तो विचारला गेला नाही, याची मला आमच्या जातकुळीतली म्हणून लाज वाटते.

आता मुलाचं.

डिसेंबर 2022. मला मेसेज आला, ‘पत्ता अपुरा आहे, पार्सलसाठी 5 रुपये भरा.’ मुलीने खरंच काहीतरी पाठवलं होतं. मी लिंक उघडली, कार्ड नंबर टाकला, ओटीपी टाकला. 18,400 रुपये गेले. त्याच आठवड्यात महिला मंडळात ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ या विषयावर माझं भाषण झालं होतं, शाल-श्रीफळ मिळालं होतं. कार्ड लगेच बंद केलं, तेवढं भान राहिलं. पण घरात तीन दिवस अवाक्षर काढलं नाही. कपाट उघडलं की ती शाल समोर. तिसऱ्या दिवशी यजमानांनी विचारलं, ‘तुझा आवाज का बसलाय?’ सांगितलं, तर हसले. मला भयंकर राग आला, पण त्या रात्री झोप लागली.

मुलगा रागावेल याची तुम्हाला धास्ती नाही, सर. तो समजावून सांगेल, शाळकरी पोराला सांगावं तसं सावकाश, याची आहे. ते काम आजवर तुम्ही केलंत. म्हणून एक युक्ती सुचवते. रविवारी त्याला बोलावून घ्या, दोन वाक्यांत झालेलं सांगा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरच्या तक्रारीचे उरलेले तपशील भरायला बसवा. तारखा-वेळा टाकायच्या असतात, पावत्यांचे फोटो चढवायचे असतात. हाताला काम असलं की माणूस उपदेश कमी करतो.

हे सदर वाचणाऱ्या मुलामुलींनाही सांगते. आईबाबांचा असा फोन आला तर ‘एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?’ हे वाक्य गिळा. ‘किती वाजता गेले?’ एवढंच विचारा. 1930 वाल्यांनाही तेच लागतं.

सर, आणखी एक. महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला ‘तुमचे पैसे सापडले, सोडवायला फी भरा’ असा फोन येण्याची दाट शक्यता आहे. तोही त्यांच्यातलाच समजा.

प्रश्न : पिन लक्षात राहत नाहीत. मुलगी म्हणते कुठेही लिहू नकोस. मग काय करू? वय 74.

उत्तर : वहीत लिहा, वही साड्यांच्या घडीत ठेवा, आणि ती कुठे आहे हे मुलीला सांगून ठेवा. चोर फोनमध्ये शिरतो, तुमच्या कपाटात नाही. फक्त एटीएम कार्डाच्या पाकिटावर बॉलपेनने लिहू नका. मी अशी इतकी पाकिटं पाहिली आहेत की पिन आधीच छापून येतो की काय, असं वाटावं.

प्रश्न : लग्नाला तीन वर्षं झाली. यजमान रोज रात्री माझा फोन तपासतात, पॅटर्न बदलला की भांडण. सासूबाई म्हणतात, लपवण्यासारखं नसेल तर दाखवायला काय जातं? मला माहेरच्या मैत्रिणीशीसुद्धा मोकळं बोलता येत नाही. माझंच चुकतंय का?

उत्तर : नाही. आमच्या आजीचं सगळं आयुष्य अकरा माणसांच्या घरात गेलं, तरी तिची एक ट्रंक होती आणि किल्ली तिच्या कमरेला. आत जुनी पत्रं, एक लुगडं आणि सव्वा रुपया. आजोबांनी कधी ‘उघड’ म्हटलं नाही. खासगीपणा शहरातून आलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना मी ती ट्रंक सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण सासूबाईंपुढे निकाल वाचून काही साधणार नाही, हे मलाही कळतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर फोन हे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवावं असं, खातं नव्हे. दुसऱ्याला सही द्यायची की नाही, ते खातेदार ठरवतो.

व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. तिथे तुमच्या ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला, तर तुमचे मेसेज दुसरीकडेही वाचले जात आहेत. तो काढून टाकता येतो, पण काढल्याचं त्यांना कळेल. भांडण हातघाईवर जाण्याची भीती असेल तर आधी माहेरच्या कुणाला तरी सांगा, किंवा 181 या महिला हेल्पलाइनला. तो फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा.

प्रश्न : पंढरपूरला लॉजवर आधारची झेरॉक्स मागतात. द्यावी का?

उत्तर : ओळखपत्र मागणं रास्त आहे, आख्खा आधार नंबर देण्याची गरज नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर लॉजचं नाव आणि तारीख आडवी लिहा.

प्रश्न : मी कोल्हापूरला होस्टेलवर राहतो. रूममेटच्या ओळखीच्या एकाने सांगितलं, तुझ्या नावाने खातं काढ, पासबुक, एटीएम आणि सिम आमच्याकडे दे, महिन्याला 8,000 मिळतील. जीएसटी वाचवायला लागतं म्हणाले. दोन महिने मिळाले. आता तिसऱ्या महिन्याचे येत नाहीत आणि खातं बंद पडलंय. काय करू?

उत्तर : तुला ‘अहो-जाहो’ करत नाही, माझी मुलगी तुझ्यापेक्षा मोठी आहे. जीएसटी वगैरे काही नाही. वर मुख्याध्यापकांचं पत्र आहे, ते परत वाच. त्यांचे पैसे ज्या खात्यांतून फिरले ती कुणाच्या तरी नावावर होती. एखाद्या चोराने आपल्या नावाने खातं काढलंय असं कधी ऐकलंस? ते तुझ्यासारख्या पोराच्या नावावर असतं, आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते नावावर.

आजच घरी सांग. मग वडिलांना नाहीतर मामांना बरोबर घेऊन वकिलाला भेट, आणि त्यांच्यासह स्वतःहून पोलीस ठाण्यात जा. पोलीस येईपर्यंत थांबशील तर तुझं कुणी ऐकणार नाही. तो माणूस, त्याचा नंबर, 8,000 कुठून यायचे, सगळं सांग. रूममेटला वाचवायला जाऊ नकोस. सिम तुझ्या नावावर आहे, कंपनीच्या दुकानात जाऊन ते बंद कर. ‘परत पाठव’ म्हणून कुणाचा फोन आला तरी एक रुपयाही हलवायचा नाही.

पोलीस ठाण्यात जाण्याआधी शाखेत अर्ज देऊन खात्याचं स्टेटमेंट छापून घे. जमा रकमांसमोर बऱ्याचदा पाठवणाऱ्याचं नाव असतं. एकेक नाव वाच.